कॉलेज संपलं, आता नोकरी. कपडे आणि मेकअप बदलायला सुरुवात कुठून करू? (बेळगाव, वय 22)

आधी मेकअपचा डबा पलंगावर ओत. कॉलेजच्या पहिल्या वर्षातला मस्कारा निघाला तर सरळ फेक. उघडल्यावर तीनेक महिन्यांत तो बदलायचा असतो, नाहीतर डोळ्यांना संसर्गाची भीती. बाकीच्या वस्तूंवर उघड्या झाकणाच्या डबीची छोटी खूण असते, त्यात 6 किंवा 12 असा आकडा. उघडल्यापासून तेवढे महिने वापरायचं.

फाउंडेशनची शेड मनगटावर बघू नकोस, दुकानात हमखास तिथेच लावून दाखवतात. जबड्याच्या कडेला लाव, बाहेर उजेडात ये आणि आरशात बघ. जी मानेच्या रंगात मिसळून दिसेनाशी होते, ती तुझी. 'दोन शेड उजळ घे गं' म्हणणाऱ्या मावश्या-काकूंकडे खुशाल कानाडोळा कर. खरं तर रोजच्या ऑफिसला फाउंडेशन लागतच नाही. एसपीएफ 30 किंवा जास्तीचं सनस्क्रीन, काजळ, लिपस्टिक, बस्स. आपल्याकडच्या पावसात काजळ मात्र वॉटरप्रूफच.

कपडे एका पगारात बदलायला जाऊ नकोस. खडेबाजारातून ढगळे तीन कुर्ते आणण्यापेक्षा एकच बरा घे आणि शिंप्याकडून खांदा, बाही नीट बसवून घे. फरक तिथेच पडतो. आईची इरकल कपाटात असेल तर तिला कात्री लावू नकोस. गुळेदगुड्डचा खण आणून ब्लाउज शिव, साध्या सुती साडीवरही उठून दिसतो. चपला शेवटी घे, पण पावसाळा संपल्यावर.