वेफरच्या तळलेल्या तेलापासून बायोडिझेल बनवतो, पीएच पट्टी 7 दाखवते, म्हणजे अ‍ॅसिड नाही ना? डिझेलमध्ये मिसळल्यावर कसं तपासायचं?

भाऊ, पट्टीवर अजिबात जाऊ नका. पीएच ही पाण्यातली गोष्ट, तेलात ती पट्टी काहीही सांगत नाही. मी जळगावला सरकी तेलाच्या लॅबमध्ये रोज हेच काम करतो, तुम्हाला अ‍ॅसिड व्हॅल्यू काढावी लागेल, म्हणजे 1 ग्रॅम बायोडिझेलमधलं अ‍ॅसिड मारायला किती मिलिग्रॅम केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) लागतं ते. आपल्या बायोडिझेलच्या भारतीय मानकात, आयएस 15607 मध्ये, मर्यादा 0.50 आहे.

10 ग्रॅम वजन करून घ्या, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) 50 मिली टाका, फिनॉल्फथॅलिनचे (आम्ल संपलं की गुलाबी होणारा सूचक) दोन-तीन थेंब, आणि ब्युरेटमधून (खुणांची, तोटीची काचनळी) थेंबथेंब केओएच. फ्लास्कखाली पांढरा कागद ठेवा, फिकट गुलाबी रंग 15-20 सेकंद टिकला की थांबा. बरेच जण इथं 0.1 नॉर्मल (नॉर्मल म्हणजे द्रावणाची तीव्रता) केओएच घेतात आणि फसतात, कारण 0.50 च्या मालाला ते जेमतेम 0.9 मिली लागतं, एक थेंब इकडेतिकडे झाला तरी रिडिंग हललं. 0.02 नॉर्मल घ्या, साडेचार मिलीच्या आसपास जाईल. नुसत्या आयपीएचं ब्लँक, म्हणजे बायोडिझेल न घालता तीच टेस्ट, काढून वजा करा, कारण त्यातही थोडं अ‍ॅसिड असतं. समजा 3.8 मिली लागलं, ब्लँक 0.2, तर 3.6 × 0.02 × 56.1 (केओएचचा रेणुभार) ÷ 10, म्हणजे 0.40. पास. केओएच हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून कमजोर होतं, मग चांगला मालही फेल दिसतो, म्हणून दर आठवड्याला त्याची नॉर्मॅलिटी तपासा.

तुमचा माल लालसर असेल तर गुलाबी दिसणारच नाही, मग पोटेन्शिओमीटरवर (रंगाऐवजी इलेक्ट्रोडने शेवट ओळखणारं यंत्र) करून घ्या, अमेरिकन मानक एएसटीएम डी 664 तीच पद्धत आहे. फक्त इलेक्ट्रोड प्रत्येक टेस्टनंतर पाण्यात भिजवायला सांगा, सॉल्व्हंटमध्ये तो कोरडा पडतो.

आता मिश्रणाचं. डिझेलमध्ये अ‍ॅसिड जवळपास नसतंच, त्यामुळे 20 टक्के मिसळलं की 0.50 चं 0.10 दिसतं आणि खराब मालही लपून जातो. म्हणून मिसळायच्या आधी शुद्ध बायोडिझेलच तपासा. मिश्रण तपासायचंच तर 20 ग्रॅम घ्या, आणि सॉल्व्हंट म्हणून टोल्युइन-आयपीए निम्मं-निम्मं.

आणि ड्रम अर्धा रिकामा ठेवून पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळा काढू नका. माझा एक ड्रम मार्चमध्ये 0.35 होता, मेच्या उन्हात तो 0.6 वर गेला, पंपाच्या वॉशरा खराब झाल्या तेव्हा कळलं. आपल्याकडे मे महिन्यात दर पंधरा दिवसांनी परत टेस्ट करा.