पाणी आधी न्हाणीतून येतं

प्रश्न : काका, गेल्या वर्षी आम्ही गोव्यात साखळी गावी वाळवंटी नदीच्या काठाजवळ जुनं बैठं घर घेतलं. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, मागे न्हाणी आणि संडास. २०२१ साली या घरात पाणी शिरलं होतं असं शेजारी सांगतात. यजमान म्हणतात, पुढच्या दाराला चार फूट उंच लोखंडी फळी बसवू आणि बाकीच्या फटी सिमेंटने बुजवून टाकू. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, गुडघ्यांमुळे त्यांना माळ्यावर चढता येत नाही. मे संपत आला. आधी काय करावं? – एक वाचक, साखळी

उत्तर : ताई, फळी सांगितली नसेल तर जरा थांबा. चार फूट नको. का नको ते पुढे सांगतो, पण त्याआधी पाणी कुठवर आलं होतं ते शोधून काढा. शेजारी 'गुडघाभर' म्हणतील, पण कोणाचा गुडघा? नव्या रंगाखाली भिंतीवरची खूण दिसणार नाही. जुन्या दारांची मागची बाजू पाहा, भिंतीतल्या कपाटाच्या आत पाहा, मीटरच्या पेटीचा तळ पाहा. तपकिरी रेघ कुठेतरी राहिलेली असतेच. सापडली की ऑइल पेंटने स्वयंपाकघरात आणि माजघरात तेवढ्या उंचीवर खूण करा. तिच्यावर एक हात धरून दुसरी रेघ मारा. यापुढे घरात काहीही बसवायचं झालं तर या वरच्या रेघेकडे बघून.

मीही साखळीचाच. आयुष्यभर बांधकामांवर देखरेख केली, आणि तरी २३ जुलै २०२१ च्या पहाटे माझ्या स्वतःच्या घरात पाणी शिरलं. दुसऱ्या दिवशी गुरुपौर्णिमा. सत्तरी तालुक्याच्या डोंगरात पाऊस रात्रभर कोसळत होता. मी पुढच्या दाराशी वाळूच्या गोणी व्यवस्थित रचल्या होत्या, खाली प्लास्टिकसुद्धा घातलं होतं. उंबरा कोरडा होता. आणि मागून बुडबुड आवाज आला. न्हाणीच्या भोकातून काळं पाणी वर येत होतं, मग संडासातून. अर्ध्या तासात चूल असलेल्या खोलीत वीतभर पाणी. आमची बायको देव्हाऱ्यातले देव उचलत होती आणि मी पुढच्या दाराशी गोणी दाबत उभा होतो.

कारण साधं आहे. न्हाणीचा पाइप गटारात जातो, गटार नाल्यात, नाला नदीत. नदीची पातळी तुमच्या जमिनीच्या वर गेली की तेच पाणी त्याच वाटेने उलटं घरात येतं. नदीला संरक्षक भिंती आहेत, पंपही आहेत, पण नदी चढलेली असताना गावात पडलेल्या पावसाला नदीत उतरायला जागा नसते, ते पंपाने उपसून टाकावं लागतं. वाळवंटी पुढे मांडवीला मिळते आणि मांडवीत भरती असली की वरचं पाणी अडून राहतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती मोठी असते. म्हणून त्या दिवसांत मोठा पाऊस लागला तर मी कान न्हाणीकडे ठेवतो.

तेव्हा पहिला खर्च इथे करा. न्हाणीच्या आणि संडासाच्या पाइपवर, चेंबरच्या अलीकडे, नॉन-रिटर्न व्हॉल्व, म्हणजे पाणी बाहेर जाऊ देणारी पण उलटं येऊ न देणारी झडप, बसवून घ्या. प्लंबरला सांगा, झाकण उघडून साफ करता येईल असाच हवा. त्यात केस आणि साबणाचा गाळ अडकला तर पाकळी बंद होत नाही आणि व्हॉल्व असून नसल्यासारखा होतो. दर मे महिन्यात उघडून धुवायचा. शिवाय न्हाणीच्या भोकासाठी रबरी बूच, आणि संडासाच्या भांड्यात कोंबायला जाड प्लास्टिकच्या पिशवीत मातीची गच्च गाठोडी हाताशी ठेवा.

आता फळी. पाण्याची उंची दुप्पट झाली की भिंतीवरचा एकूण रेटा चौपट होतो. दहा फूट लांब भिंतीबाहेर दोन फूट पाणी थांबलं तर ते साडेपाचशे किलोच्या वर रेटतं. चार फूट थांबलं तर दोन टनांच्या वर. आत पाणी नाही, म्हणजे आतून आधार शून्य. जुन्या घरांत चिरे बऱ्याचदा मातीच्या चिखलात बसवलेले असतात, सगळी ताकद त्या सांध्यांत. पाणी अडवून भिंत पाडून घेण्यापेक्षा चिखल पुसलेला बरा. फळी दोन फुटांची करा. त्यावर पाणी चढायला लागलं की फळी काढा, दार उघडा, पाणी आत येऊ द्या. यजमानांना हे पटायला जड जाईल, मलाही गेलं होतं. आणि चिऱ्याच्या भिंतीला बाहेरून-आतून सिमेंट थापू नका. चिरा पाणी पितो. गिलाव्यामागे कोंडलेली ओल चवथीपर्यंत सुकत नाही.

गोणींबद्दल एवढंच: अर्ध्याहून थोड्या जास्त भरा, टम्म नको, म्हणजे एकमेकींवर बसतात. चिऱ्यांसारखे सांधे मोडून रचा. वाळू मिळाली नाही तर परसातली माती चालते.

विजेचं काम मात्र लायसन्स असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. प्लग पॉइंट वरच्या रेघेच्या वर न्या, वायर जमिनीकडून न आणता छताकडून खाली उतरवा. ईएलसीबी, म्हणजे वीज गळू लागली की आपोआप तोडणारा स्विच, नसेल तर बसवा आणि त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. घरात इन्व्हर्टर असेल तर लक्षात ठेवा, मेन स्विच पाडला तरी इन्व्हर्टर घरात वीज सोडतच असतो. दोन्ही बंद करायचे, आणि तेही पाय कोरडे असताना. पाणी शिरल्यावर स्विचकडे जायचं नाही.

गॅसचा सिलिंडर बांधून ठेवा. लोकांना वाटतं भरलेला सिलिंडर जड, तो कुठे जातोय? त्यात १४.२ किलो गॅस, रिकामी टाकी पंधरा-सोळा किलोची, आणि आतली जागा ३३ लिटरच्या वर. म्हणजे भरलेलाही तरंगतो आणि नळी ओढून घेतो. रेग्युलेटर बंद करून काढून ठेवायचा.

पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं, सामान तुम्ही आता भरलंच असेल. उकडे तांदूळ, सोलां (आमसुलं), मिरच्या, सुकं मासळीचं, सगळं घट्ट झाकणाच्या डब्यांत आणि रेघेच्या वर. आमच्या घरची वर्षाची सोलां त्या दिवशी गेली. त्याची हळहळ बायकोला अजून आहे.

सासूबाईंना माळ्यावर नेण्याचा विचारच सोडा. त्यांना आधी हलवायचं. गावात उंचावर ज्या नातलगांचं घर आहे त्यांच्याशी आजच बोलून ठेवा, पाऊस सुरू झाल्यावर नव्हे. निघण्याची खूण पक्की करा. माझी खूण अशी: घरामागच्या नाल्याचं पाणी उलटं, म्हणजे नदीकडून घराकडे, वाहू लागलं की म्हातारी माणसं निघाली. दाराशी पाणी येईपर्यंत थांबलात तर त्यांना खांद्यावर न्यावं लागेल. संध्याकाळी लक्षण वाईट दिसलं तर रात्रीची वाट पाहू नका. त्यांची दहा दिवसांची औषधं, चष्मा, आधार, घराच्या जमिनीचा एक-चौदाचा उतारा आणि विक्रीखत एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराजवळ खिळ्याला टांगून ठेवा. अडकलात तर ११२.

प्रश्न : आमची वाडी तळपण नदीकाठी. २००९ च्या २ ऑक्टोबरला विहीर गढूळ पाण्याने भरली होती. पुन्हा तसं झालं तर ब्लीचिंग पावडर किती घालायची? – एक वाचक, काणकोण

उत्तर : लगेच पंप लावून विहीर रिकामी करू नका. भोवतालची जमीन पाण्याने तट्ट फुगलेली असते, आतलं पाणी एकदम काढलं तर विहिरीची भिंत आत येऊ शकते. नदी उतरून दोन-चार दिवस गेले की हळूहळू उपसा, गाळ काढा, मग पावडर.

नेहमीच्या विहिरीला १,००० लिटरला अडीच ग्रॅम ताजी पावडर असा हिशेब आहे. विहीर २ मीटर रुंद आणि पाणी ३ मीटर खोल असेल तर पाणी सुमारे ९,४०० लिटर, पावडर २४ ग्रॅम. पण पुराचं पाणी गेलेल्या विहिरीला हे पुरत नाही, ती घाण क्लोरीन खाऊन टाकते. किती वाढवायचं ते पाणी तपासूनच ठरतं, म्हणून आरोग्य केंद्रातल्या माणसाला बोलवा. पावडर सरळ विहिरीत टाकायची नाही. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडा आणि दोरी वरखाली करून ढवळा. निदान तासभर पाणी काढू नका. तपासणीचा निकाल येईपर्यंत पिण्याचं पाणी उकळूनच. आणि उन्हाळ्यात कठडा हातभर वाढवून घ्या.

साफसफाईला उतराल तेव्हा गमबूट घाला. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या मुताने पसरणाऱ्या तापाचा जंतू, पायाच्या भेगांतून शिरतो. फुरसं आणि घोणस कोरडी जागा शोधत घरात येतात, म्हणून लाकडांच्या राशीत काठी घातल्याशिवाय हात घालायचा नाही.

प्रश्न : घराच्या विम्यात पूर येतो का? – एक वाचक, डिचोली

उत्तर : 'भारत गृह रक्षा' ही १ एप्रिल २०२१ पासूनची ठरावीक पॉलिसी आहे, तिच्यात पूर धरलेला आहे. बँकेने कर्जाबरोबर दिलेला विमा असेल तर तो नुसत्या इमारतीचा आहे की आतल्या सामानाचाही, ते कागदावर वाचून घ्या. सरकारी मदतीसाठी तलाठ्याचा पंचनामा लागतो आणि तो येईपर्यंत घर धुऊन चकचकीत झालेलं असतं. चिखल काढायच्या आधी प्रत्येक खोलीचा फोटो घ्या, आणि त्यात भिंतीवरची ओली रेघ आणि तिला टेकवलेली मोजपट्टी दोन्ही दिसू द्या.