घरी आल्यावरचे पहिले दिवस

मित्रा, व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलास, अंगावर मांस चढलंय, आई खूश आहे. मला मात्र हेच दिवस सगळ्यात धोक्याचे वाटतात. गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, सुटली की शरीराची सहनशक्तीही उतरते. पूर्वी सहज पचायचा तेवढाच डोस आता श्वास बंद पाडू शकतो. माझा एक जोडीदार असाच गेला, आतून कडी लावलेल्या खोलीत, एकटा.

म्हणून घरच्यांना आजच सांगून ठेव. हलवूनही उठत नाही, श्वास मंद झालाय किंवा घरघरतोय, ओठ निळे पडलेत, तर ताबडतोब १०८ लावा आणि कुशीवर वळवून ठेवा. मीठ-पाणी, लिंबू काही पाजू नका. काय घेतलं ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, अब्रूचा विचार नंतर. गर्दवर नॅलोक्सोन या औषधाचा उतारा आहे, पण तो वेळेत मिळायला हवा.

आणि घसरलास तर? त्याच दिवशी मीटिंगला ये. नार्कोटिक्स ॲनॉनिमसमध्ये, म्हणजे नशा सोडणाऱ्यांच्या आपल्या गटात, फी नाही, आडनाव कुणी विचारत नाही. १४४४६ हा व्यसनमुक्तीच्या मदतीसाठी सरकारचा मोफत क्रमांक आहे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. माझा नंबर तुझ्याकडे आहेच, रात्री दोनलाही उचलेन.