कोरोनात आयसीयूत असताना वडिलांचा थायरॉईडचा रिपोर्ट बिघडला होता. गोळी आता कायमची घ्यायची का?

तुम्ही लिहिलंय की २०२१ च्या दुसऱ्या लाटेत वडील व्हेंटिलेटरवर होते. तेव्हा टी-३ (थायरॉईडचं हार्मोन) आणि टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं, मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचं हार्मोन) दोन्ही कमी आले, सीआरपी (शरीरातल्या दाहाची खूण) भरमसाट वाढलेलं होतं. डिस्चार्जनंतर थोड्याच दिवसांत टीएसएच ९ म्हणजे वाढलेला आला, थायरॉईड हार्मोनची ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली, ती आजही चालू आहे. मी सांगलीत फिजिशियन आहे आणि त्या काळात मिरजेत कोविड आयसीयूत काम केलंय. असे रिपोर्ट तिथे नेहमीचेच होते आणि त्यातल्या बहुतेकांच्या थायरॉईड ग्रंथीत काही दोष नव्हता. तुमच्या वडिलांचंही तसंच असण्याची बरीच शक्यता मला दिसते.

ग्रंथी खरोखर थकते तेव्हा टी-४ हे तिचं मुख्य हार्मोन उतरतं आणि टीएसएच चढतं, कारण पिट्युटरी तिला कामाला लावायला बघते. वडिलांचं आयसीयूत टी-३ आणि टीएसएच दोन्ही खाली होतं. हे चित्र आजाराचं आहे.

थायरॉईड मुख्यतः टी-४ बनवते. प्रत्यक्ष कामाचं टी-३ बरंचसं यकृत, मूत्रपिंड अशा अवयवांत टी-४ पासून तयार होतं. कोरोनाच्या गंभीर रुग्णात दाह भडकला की आयएल-६, टीएनएफ-अल्फा यांसारखी दाह वाढवणारी द्रव्यं रक्तात वाढतात. त्यांच्यामुळे हे रूपांतर मंदावतं, आणि टी-४ ‘रिव्हर्स टी-३’ या निरुपयोगी रूपाकडे वळतं. मेंदूतून पिट्युटरीला मिळणारा हायपोथॅलॅमसचा इशाराही क्षीण होतो, म्हणून टी-३ पडलं तरी टीएसएच वाढत नाही. त्यात डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीचा निकाल आला आणि ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांना ते सर्रास मिळू लागलं. त्यानं जीव वाचले, पण स्टेरॉईड टीएसएचही दाबतं. रक्ताच्या गुठळ्या टाळणारं हेपॅरिनचं इंजेक्शन चालू असेल तर फ्री टी-४ चा (रक्तात मोकळ्या असलेल्या टी-४ चा) आकडा खोटाच वाढलेला येऊ शकतो.

टी-३ जितकं खाली, तितका आजार गंभीर, हे खरं. पण म्हणून बाहेरून हार्मोन दिल्यानं अशा रुग्णांचा जीव वाचतो, असं सिद्ध झालेलं नाही. पाणी तुटलं की तासगावचा द्राक्षबागायतदार माल सोडून वेल जगवतो. शरीरही त्या वेळी खर्च आवरत असावं, असं बरेच तज्ज्ञ मानतात.

आता तो ९ चा टीएसएच. आजार ओसरला, स्टेरॉईड थांबलं की दबलेली पिट्युटरी जागी होते आणि टीएसएच काही काळ वर जातो, कधी २० च्या आसपासही. काही आठवड्यांत तो आपोआप खाली येतो. म्हणून तपासणी साधारण सहा ते आठ आठवड्यांनी परत करायची असते. त्या धामधुमीत हे अनेकांचं राहून गेलं. गोळी लिहिणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही, पण तपासणी राहिली असेल तर ती आता व्हायलाच हवी.

दुसरी बाजूही सांगतो. कोरोनानं काहींच्या ग्रंथीवर खरोखर परिणाम केला. २०२० मध्ये मिलानच्या डॉक्टरांना अतिदक्षता विभागातल्या कोविड रुग्णांपैकी १५ टक्क्यांत थायरॉईड हार्मोनचा अतिरेक आढळला. आदल्या वर्षी तशाच विभागात तो १ टक्का होता. बरे झाल्यावर काहींचा गळा दुखला, छाती धडधडली, आणि ती थायरॉईडची सूज निघाली. अशी सूज बहुधा निवळते, क्वचित मागे कायमची कमतरता ठेवून जाते. वडिलांना तेव्हा तसा काही त्रास झाला होता का, आठवून बघा.

कृपा करून गोळी मनानं बंद करू नका. कोरोनाआधीचा एखादा टीएसएचचा रिपोर्ट घरात असेल तर शोधा. तो आधीपासूनच वाढलेला असेल तर दोष कोरोनाआधीचाच, प्रश्नच मिटला. आता टीएसएच, फ्री टी-४ आणि अँटी-टीपीओ (थायरॉईडवर हल्ला करणाऱ्या प्रतिपिंडांची तपासणी) करून घ्या. अँटी-टीपीओ नॉर्मल असेल तर तुमचे डॉक्टर डोस हळूहळू कमी करून बघू शकतील, दर वेळी सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच पाहून. तो पुन्हा चढला तर गोळी ठेवावी लागेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण गरज नसताना किंवा गरजेपेक्षा जास्त डोस चालू राहिला, तर उतारवयात ठोके अनियमित होऊ शकतात, हाडं ठिसूळ होऊ शकतात. ‘चालू आहे तर राहू दे’ हे मला पटत नाही ते यासाठी.

ज्यांची गोळी आधीपासून चालू आहे, त्यांनी मात्र आयसीयूत ती चुकवू नये. आमच्याकडे आटपाडीच्या एका आजींच्या मुलीनं सिक्युरिटीच्या हातून आत चिठ्ठी पाठवली होती, ‘आईची सकाळची थायरॉईडची गोळी चालू ठेवा.’ ॲडमिशनच्या घाईत ती नोंद राहिली होती. चिठ्ठी आली म्हणून गोळी सुरू झाली, नळीतून, आणि फीडपासून (नळीतून दिल्या जाणाऱ्या पातळ अन्नापासून) अंतर ठेवून, कारण फीडबरोबर दिली तर ती नीट शोषली जात नाही. घरात कुणाची गोळी चालू असेल तर नाव आणि डोस फाईलमध्ये लिहून ठेवा.