जिम रीव्ह्जच्या पुढचा नाताळ

तुमचा प्रश्न असा की घरी नाताळात वर्षानुवर्षं अमेरिकी गायक जिम रीव्ह्जच लागतो, त्याच्या पुढे कंट्री संगीतातले, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेल्या संगीतातले, कोणते अल्बम घ्यावेत? आणि ‘जिंगल बेल्स’ दहा जणांच्या आवाजात ऐकायचा आता कंटाळा आलाय. गेली पंचवीसेक वर्षं दर डिसेंबरला मी हाच शोध घेत आलोय, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

पहिली विनंती, जिम रीव्ह्जला घराबाहेर काढू नका. ‘ट्वेल्व्ह साँग्ज ऑफ ख्रिसमस’ हा त्याचा अल्बम १९६३चा. ३१ जुलै १९६४ला तो विमान अपघातात गेला, म्हणजे हा अल्बम बाजारात असताना त्याच्या वाट्याला एकच नाताळ आला. आमच्या वसईत मात्र तो अजून दर वर्षी येतो. लहानपणी घरात करंज्या तळणं सुरू झालं, की कोणीतरी ती कॅसेट लावायचंच. त्यातलं ‘अ‍ॅन ओल्ड ख्रिसमस कार्ड’ लागलं की आई हातातलं काम थांबवायची. इंग्रजी तिला जेमतेम कळायचं, पण तो आवाज तिला कळायचा.

त्या आवाजामागे एक कारण आहे आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. १९५७च्या ‘फोर वॉल्स’पासून रीव्ह्ज माइकला जवळजवळ ओठ लावून, आवाज खाली आणून गायला लागला. निर्माता चेट अ‍ॅटकिन्सने त्याच्या मागे मऊ कोरस आणि व्हायोलिनं ठेवली, खेड्यातली फिडल (गावरान ढंगात वाजवलेलं व्हायोलिनच) आणि तारांवर धातूची पट्टी सरकवून वाजवायची स्टील गिटार मागे सारली. यालाच पुढे ‘नॅशव्हिल साउंड’ म्हणू लागले. त्यामुळे आपल्या घरांत ज्याला आपण ‘कंट्री’ म्हणून ओळखलं, त्यातला गावरान बाज आधीच धुऊन काढलेला होता. तुम्हाला पुढे जायचं असेल तर ती फिडल आणि ती स्टील गिटार जिथे परत येते, तिथे जायला हवं.

तिथे नेणारा सगळ्यांत चांगला अल्बम म्हणजे एमिलू हॅरिसचा ‘लाइट ऑफ द स्टेबल’, १९७९चा. एकच घ्यायचा असेल तर हाच घ्या. सुरुवात होते ‘ख्रिसमस टाइम्स अ-कमिंग’ने. हे ब्लूग्रासवाल्यांचं, म्हणजे बॅंजो-फिडलवर चालणाऱ्या कंट्रीतल्या डोंगरी शाखेचं, लाडकं नाताळगीत, बिल मन्‍रोने १९५१मध्ये पहिल्यांदा गायलेलं. लिहिलं होतं टेक्स लोगन नावाच्या फिडलवादकाने, जो पुढे बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या नामांकित प्रयोगशाळेत संशोधक झाला. गाणं ऐकताना हे आठवलं की मला फार बरं वाटतं. दिवसा संशोधन करणारा माणूस संध्याकाळी फिडल हातात घेतो आणि गावाकडे जायची ओढ लागलेल्या माणसाचं गाणं लिहितो.

अल्बमचं शीर्षकगीत १९७५मध्ये आधी सुटं आलं होतं. त्यात एमिलूच्या मागे डॉली पार्टन, लिंडा रॉन्स्टड आणि नील यंग गातात. हेडफोन लावून ऐका. हे आवाज एकमेकांवर चढत नाहीत, वेगवेगळ्या घरांतून येऊन एकाच गव्हाणीपाशी उभे राहिल्यासारखे वाटतात. आणि ‘ब्यूटिफुल स्टार ऑफ बेथलेहेम’ अजिबात चुकवू नका. ते गाणं टेनेसीतल्या आर. फिशर बॉइस या दूधवाल्या शेतकऱ्याचं. घरात गलबला असायचा म्हणून तो गोठ्यात जाऊन बसला आणि तिथे त्याने ते लिहिलं, अशी हकीकत सांगतात. बेथलेहेमच्या ताऱ्याचं गाणं खरोखरच्या गोठ्यात सुचावं, याहून चांगली जागा कोणती असणार? एमिलू ते गाताना आवाज मुद्दाम साधा ठेवते. वाद्यंही मोजकीच.

आता मर्ल हॅगर्ड. त्याच्याबद्दल लिहिताना मला थोडं थांबावं लागतं.

१९७३मध्ये त्याचा ‘ख्रिसमस प्रेझेंट’ आला. एलपीच्या एका बाजूला नवी गाणी, दुसऱ्या बाजूला ‘व्हाइट ख्रिसमस’सारखी नेहमीची. नव्या बाजूवर ‘इफ वी मेक इट थ्रू डिसेंबर’ आहे. बाप कारखान्यात कामाला, ऐन डिसेंबरात कामावरून कमी केलेला. लहान मुलीला कळत नाही की या वर्षी आपल्याकडे नाताळ का नाही. तो स्वतःलाच सांगतोय की एवढा डिसेंबर निघाला की बस, मग उन्हाळ्यापर्यंत ऊबदार गावी जाऊ, कदाचित कॅलिफोर्नियाला. गाण्यात सांताक्लॉज येत नाही, घंटा वाजत नाहीत. तरीही १९७३च्या डिसेंबरात हे गाणं कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. तेलटंचाईचा हिवाळा होता तो, कोणाला सांगायची गरजच नव्हती.

कॅलिफोर्नियाचं नाव त्यात उगाच आलेलं नाही. मर्लचे आई-बाप १९३०च्या दशकातल्या महामंदीत ओक्लाहोमा सोडून तिथेच गेले होते. बेकर्सफील्डजवळ रेल्वेचा जुना डबा घरासारखा करून ते राहिले, मर्ल तिथे वाढला, आणि तो नऊ वर्षांचा असताना वडील गेले. गाण्यातला बाप ज्या जागेचं स्वप्न बघतोय, तिथे पोचलेल्यांचं पुढे काय होतं हे गाणाऱ्याला ठाऊक आहे. तरी तो त्या बापाला स्वप्न बघू देतो. या गाण्याची सगळी माया मला त्यातच दिसते.

माझे वडील गिरणीत होते. १९८२च्या संपाच्या वर्षी डिसेंबर आला तेव्हा घरात अकरा महिने पगार नव्हता. आईने करंज्या केल्या, पण परातभर नाही, ताटभर. दारावरचा नाताळचा तारा मागच्या वर्षीचाच, कागद बदलून लावला. मर्लचं गाणं मी त्यानंतर पंधराएक वर्षांनी पहिल्यांदा ऐकलं आणि दुसऱ्या कडव्याच्या आधीच बंद केलं. पुन्हा लावायला आठवडा गेला. आता दर वर्षी लावतो. नाताळात फक्त आनंदाची गाणी लावावीत असं मानणाऱ्यांशी माझं इथेच जमत नाही. कंट्रीच्या नाताळाचा कस मला अशा गाण्यांत दिसतो, ज्यांत हात आखडता घ्यावा लागलेल्या घरालाही जागा असते.

विली नेल्सनचा ‘प्रेटी पेपर’ त्याच कुळातला. अल्बम १९७९चा, शीर्षकगीत मात्र विलीने कधीच लिहिलं होतं आणि १९६३मध्ये रॉय ऑर्बिसनने ते गाजवलं होतं. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला एका मोठ्या दुकानाबाहेर रस्त्यावर बसून कागद आणि पेन्सिली विकणारा एक अपंग माणूस विलीने पाहिला होता. गाणं त्या माणसाचं आहे, आणि घाईघाईने त्याच्याजवळून निघून जाणाऱ्या गर्दीचंही. ऑर्बिसनचं गाणं भरजरी आहे. विलीचं ऐकाल तर तो जणू तिथेच फूटपाथवर टेकून बसलाय. अल्बमचा निर्माता बुकर टी. जोन्स, सोल या कृष्णवर्णीय अमेरिकी संगीतातला ऑर्गनवादक. त्यामुळे ‘विंटर वंडरलँड’सारखी घासून गुळगुळीत झालेली गाणीही इथे निवांत चालतात. विलीच्या गिटारीला नायलॉनच्या तारा आहेत आणि तो शब्द तालाच्या जरा मागे टाकतो, एवढ्यानेच ओळखीचं गाणं नवं होतं. नेहमीच्या गाण्यांना कंटाळलेल्या तुमच्यासारख्या माणसाने निदान हा एक अल्बम अपवाद म्हणून ऐकावा.

पॅटी लव्हलेसचा ‘ब्लूग्रास अँड व्हाइट स्नो’ २००२चा. बाई केंटकीच्या पाइकव्हिलची, कोळसा खाणकामगाराची मुलगी. या अल्बममध्ये बॅंजो, मेंडोलिन, फिडल असा डोंगराळ मुलखातला साज आहे. ‘सांता ट्रेन’ हे गाणं खऱ्या गाडीवर आहे. १९४३पासून दर नोव्हेंबरात एक आगगाडी केंटकीतून निघून व्हर्जिनियामार्गे टेनेसीतल्या किंग्जपोर्टला जाते, आणि वाटेतल्या खाणवस्त्यांमधल्या मुलांना शेवटच्या डब्यातून भेटी वाटल्या जातात. ज्या मुलखातून ती गाडी जाते, तिथलीच मुलगी ते गातेय.

बाकीचे भराभर सांगतो. लोरेटा लिनचा ‘कंट्री ख्रिसमस’ (१९६६) खणखणीत आहे. त्यात सांतालाच दम भरणारं एक गाणं आहे, मुलांना फार आवडतं. बक ओवेन्सचा १९६५चा नाताळ अल्बम जेवणाआधी, घर भरलेलं असताना लावा. अ‍ॅलन जॅक्सनच्या ‘हॉन्की टॉन्क ख्रिसमस’मध्ये (१९९३) पेडल स्टील (पायातल्या पट्ट्यांनी सूर बदलणारी स्टील गिटार) मनसोक्त आहे, शिवाय १९८९मध्ये वारलेल्या कीथ व्हिटलीचा आवाज जोडून केलेलं एक युगुलगीतही. केनी रॉजर्स आणि डॉली पार्टनचा ‘वन्स अपॉन अ ख्रिसमस’ (१९८४) घराघरांत आवडतो, मला फार चकचकीत वाटतो. त्या डॉलीपेक्षा ‘हार्ड कँडी ख्रिसमस’ गाणारी डॉली मला जवळची. ते गाणं १९८२च्या एका चित्रपटातलं, कुठल्या नाताळ अल्बममधलं नाही. हार्ड कँडी म्हणजे साध्या साखरेच्या गोळ्या, गरिबाघरच्या मुलांना नाताळात एवढंच मिळायचं.

आमच्याकडे चोवीस तारखेचा क्रम ठरलेला आहे. संध्याकाळी येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा मांडताना पॅटी आणि बक. पाहुणे आले की विली. जेवणं उरकून मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या रात्रीच्या उपासनेला, निघायच्या आधी अर्धा तास सगळे जरा गप्प असतात, तेव्हा एमिलू. मर्ल मी एकटाच ऐकतो, आदल्या रात्री, ताऱ्याचा कागद बदलताना. आणि मिस्सेहून परत आल्यावर, दीड वाजता, आईसाठी तेच जुनं ख्रिसमस कार्ड.