बायकोचा यूके व्हिसा: आधी पगाराचं बघ

अरे तिकिटं नंतर, आधी पगाराचं गणित लाव. तुझा पासपोर्ट ब्रिटिश असला तरी एप्रिल २०२४ पासून नव्या स्पाउस व्हिसाला वर्षाला २९,००० पौंड उत्पन्न लागतं आणि ते तुझं, वहिनींचा पुण्यातला पगार कितीही असला तरी धरत नाहीत. तू अजून भारतातच आहेस ना, मग इथला पगार तेवढा भरायला हवा शिवाय तिकडे पोचल्यावर तीन महिन्यांत सुरू होणाऱ्या नोकरीची ऑफरही हवी, इथेच लोक अडकतात. नाहीतर ८८,५०० पौंड सेव्हिंग, सहा महिने खात्यात. मी शेवटी आधी एकटा गेलो, सहा महिन्यांच्या पेस्लिपा जमवल्या, मग हिचा अर्ज. फार जड गेले ते दिवस. आणि व्हिसाच्या अर्जाला लागणाऱ्या टीबी टेस्टची घाई नको, सर्टिफिकेट सहाच महिने चालतं.