डीए ८ वरून ३१ झाला, फोन मात्र तेवढेच: एसईओवाल्याचा रिपोर्ट कसा वाचायचा?

प्रश्न: दापोली तालुक्यातल्या मुरुडला आमचं चार खोल्यांचं होमस्टे आहे. सीझनला वेबसाइटवरून आंब्याच्या पेट्याही जातात. फेब्रुवारी २०२५ पासून एका एसईओवाल्याला (गूगलच्या शोधात साइट वर आणून देतो म्हणणाऱ्याला) महिना १२ हजार देतोय. आता डिसेंबरच्या रिपोर्टात डीए ८ चा ३१ झालाय, ४२ कीवर्ड पहिल्या पानावर आहेत, सरासरी स्थान सुधारलंय, मार्च ते मे ट्रॅफिक दुप्पट झालं होतं. चौकशीचे फोन आहेत तेवढेच. हा माणूस खरंच जाणकार आहे का, आम्हाला कसं कळणार?

उत्तर:

रिपोर्ट बहुधा खोटा नसेल. जे छापलंय ते कुठल्या ना कुठल्या टूलमध्ये दिसत असणारच. फक्त ते आकडे कोणाचे आणि ते कशाने हलतात, हे रिपोर्टात लिहिलेलं नसतं. एकेक घेऊ.

डीए म्हणजे डोमेन ऑथॉरिटी. हा आकडा मॉझ या कंपनीचा आहे, गूगलचा नाही. निकाल लावताना गूगल तो वापरत नाही, असं मॉझ स्वतःच सांगते. एचरेफ्स या दुसऱ्या कंपनीचा डीआर आणि सेमरश या तिसरीचा ऑथॉरिटी स्कोअर ही त्याचीच भावंडं. दुसऱ्या साइटींवरून तुमच्याकडे येणाऱ्या, आपापल्या रोबोटला सापडलेल्या लिंका मुख्यतः मोजायच्या आणि १०० पैकी गुण द्यायचे, असा हा मामला. पूर्वी गूगलचा स्वतःचा पेजरँक टूलबारवर ० ते १० असा दिसायचा आणि लोक त्यावरून लिंकांचे भाव ठरवायचे. २०१६ मध्ये गूगलने तो दाखवणं बंद केलं आणि बाजार या खासगी आकड्यांवर सरकला. मे २०२४ मध्ये गूगलची काही अंतर्गत कागदपत्रं फुटली. त्यात ‘साइट ऑथॉरिटी’ नावाची एक नोंद निघाली, तेव्हापासून ‘बघा, डीए खराच आहे’ हे वाक्य मीटिंगमध्ये ऐकू येतं. गूगलकडे साइटचं स्वतःचं मोजमाप असेलही, पण ते मॉझचं नव्हे आणि कुठल्याच रिपोर्टात मिळत नाही.

डीएचं माप लॉगॅरिदमिक आहे, म्हणजे खालच्या टोकाला तो पटापट चढतो. ७० चा ७५ करायला घाम फुटतो, ८ चा ३१ करायला थोडे पैसे पुरतात. मुदत संपलेली जुनी डोमेनं विकत घेऊन ती तुमच्या साइटकडे वळवायची, किंवा ‘शंभर ब्लॉगवर लिंक’ असं पॅकेज घ्यायचं. तुमच्याकडे काय झालंय ते स्वतः बघा. सर्च कन्सोल (साइटमालकांसाठीचं गूगलचं मोफत टूल) उघडा, डावीकडे खालच्या बाजूला ‘लिंक्स’ आहे, त्यात ‘टॉप लिंकिंग साइट्स’. यादी डाउनलोड करा आणि त्यातल्या वीस साइटी उघडून पाहा. आज क्रिप्टो, उद्या केसगळती, परवा ‘कोकणातली निवांत सुट्टी’ असं सगळंच छापणारी साइट ही भाड्याची जागा असते. वेळास-आंजर्ल्याच्या कासव महोत्सवाबद्दल लिहिणाऱ्या एखाद्या भटक्याने तुमच्याकडे राहून दिलेली एक लिंक त्या शंभरांपेक्षा मोलाची आहे. तिने डीए हलणार नाही, पण ती वाचून माणूस येतो.

घेतलेल्या लिंकांनी साइट बुडेल का? सहसा नाही. गूगलच्या २०१२ च्या पेंग्विन अपडेटमध्ये (निकाल लावण्याच्या पद्धतीतला बदल) अशा साइटी खाली ढकलल्या जायच्या. सप्टेंबर २०१६ पासून गूगल बहुतेक वेळा अशा लिंका नुसत्या मोजत नाही, म्हणजे तुमचे पैसे तेवढे पाण्यात. ‘मॅन्युअल अ‍ॅक्शन्स’ या सर्च कन्सोलमधल्या पानावर (गूगलच्या माणसांनी ठोठावलेली शिक्षा इथे दिसते) काही आलेलं नाही ना, तेवढं पाहून घ्या. काही नसेल तर ‘स्पॅम स्कोअर वाढलाय, साफसफाईचे वेगळे पैसे’ याला भुलू नका. तो स्कोअरही मॉझचाच, आणि लिंका नाकारण्याचं डिसअव्हाउ टूल बहुतेक साइटींना लागतच नाही असं गूगलच सांगतं. आधी घाण टाकायची आणि मग झाडलोटीचं बिल लावायचं, हा या धंद्यातला जुना खेळ आहे.

आता ते ४२ कीवर्ड, म्हणजे ज्या शोधांवर साइट दिसते ते शब्द. यादी मागा आणि त्यातला एकेक शब्दसमूह सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्स रिपोर्टात क्वेरी (लोकांनी गूगलला टाकलेला शोध) म्हणून शोधा. ‘मुरुड दापोली कर्दे रोड घरगुती जेवण एसी होमस्टे’ अशा लांबलचक ओळीवर पहिला नंबर मिळवणं सोपं असतं, कारण ती कोणी शोधतच नाही. सोळा महिन्यांत एकही इंप्रेशन (निकालात एकदा दिसणं) नसेल तर ते कीवर्ड यादी भरायला आलेत, असं खुशाल समजा. (अगदी मोजक्या लोकांनी केलेले शोध गूगल गोपनीयतेसाठी लपवतं, म्हणून त्यातले काही निसटतील.) उरलेल्यांत तुमच्या होमस्टेचंच नाव किती वेळा आलंय ते मोजा. स्वतःच्या नावावर पहिलं येणं ही कोणाची करामत नव्हे.

स्वतःच्या फोनवर शोधून खात्री करू नका. तुम्ही मुरुडात बसून शोधता, साइट रोज उघडता. पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या पाहुण्याला दिसणारा निकाल वेगळा. नकाशातल्या निकालात तर गूगल तीन गोष्टी बघतं: शोधाशी जुळणी, अंतर आणि ठिकाण किती परिचित आहे ते. शिवाय ‘नंबर १’ म्हटलं तरी पानावर त्याच्या वर जाहिराती, हॉटेलांच्या किमतींचा डबा आणि नकाशा असतो. बोटाने दोनदा वर सरकवल्यावर दिसणारा पहिला नंबर किती क्लिक देणार?

‘या कीवर्डचे महिन्याला इतके शोध’ हा आकडाही हातभर अंतरावरून बघायचा. गूगलचा कीवर्ड प्लॅनर जाहिरातदारांसाठी बनवलेला आहे. खात्यातून जाहिरातीवर खर्च होत नसेल तर तो १०० ते १ हजार, १ हजार ते १० हजार असे ढोबळ पट्टे दाखवतो आणि मिळतेजुळते शब्द एकत्र मोजतो. बाकीच्या टूलांचे आकडे म्हणजे त्यावर केलेले अंदाज. तुमच्या गावाची तर आणखी गंमत: मुरुड एक दापोलीत, एक रायगडात जंजिऱ्याशेजारी, आणि एक लातूर जिल्ह्यात. ‘मुरुड होमस्टे’च्या शोधांतले किती जंजिऱ्याला जाणारे, ते कोणतंही टूल सांगत नाही. उलट ‘खेड स्टेशनहून मुरुडला कसं जायचं’, ‘दाभोळ धोपावे फेरीबोटीत गाडी’, ‘हर्णैचा मासळी लिलाव किती वाजता’ या शोधांसमोर टूल बहुधा शून्य दाखवील. पण हे विचारणारा माणूस निघायच्या तयारीत असतो. प्रत्येकावर एक नीट पान, स्वतः काढलेल्या फोटोंसह, एवढं काम त्या १२ हजारांत व्हायला हवं होतं.

आंब्याच्या पानावर ‘देवगड हापूस’ घालायचा सल्ला मिळाला असेल, शोध जास्त आहेत म्हणून, तर ते तेवढं करू नका. दापोली रत्नागिरी जिल्ह्यात आहे. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि पेटी उघडणारा पुणेकर पहिला प्रश्न बागेचाच विचारतो.

आता मार्च ते मे ‘दुप्पट’. इथे सर्वांत जास्त फसगत होते, कारण आलेख खरा असतो. कोकणातल्या कुठल्याही होमस्टेचा किंवा हापूसच्या साइटचा आलेख फेब्रुवारीनंतर वर जातो आणि पावसाळ्यात आडवा होतो. फेब्रुवारीत काम सुरू करणाऱ्याला मे महिना यश आयतं आणून देतो. तुलना आधीच्या महिन्याशी न करता आधीच्या वर्षाशी करायची. पण सर्च कन्सोल फक्त १६ महिन्यांचा डेटा ठेवतं, त्यामुळे मार्च ते मे २०२४ तिथून कधीच गेलंय. ते अ‍ॅनालिटिक्समध्ये (साइटवर कोण, कुठून आलं ते मोजणारं गूगलचं टूल) मिळेल: ‘ट्रॅफिक अ‍ॅक्विझिशन’ रिपोर्ट, दोन्ही वर्षांच्या त्याच तारखा, आणि फक्त ‘ऑरगॅनिक सर्च’ची (जाहिरातीविना शोधातून आलेल्यांची) ओळ. एकूण आकडा बघू नका, त्यात बॉट (माणसं नव्हेत, आपोआप साइट उघडणारे प्रोग्राम) आणि थेट आलेले सगळे असतात. देशानुसारही एकदा पाहा. तुमचे पाहुणे मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूरचे, आणि निम्मी ट्रॅफिक परदेशातल्या एखाद्या शहरातून शून्य सेकंद थांबणारी असेल तर ती बॉटची समजा. आणि २०२५ चा सीझन आजच सर्च कन्सोलमधून एक्सपोर्ट करून ठेवा, पुढच्या वर्षी ताडून बघायला लागेल.

सणांचा हिशेबही धरा. २०२४ ची दिवाळी नोव्हेंबरच्या सुरुवातीला होती, २०२५ ची २० ऑक्टोबरच्या सुमारास. नोव्हेंबरशी नोव्हेंबर लावलात तर साइट पडल्यासारखी दिसेल, ऑक्टोबरशी ऑक्टोबर लावलात तर चढल्यासारखी. दोन महिने मिळून तुलना करा.

‘सरासरी स्थान सुधारलं’ यावर तर मी काडीचा विश्वास ठेवणार नाही, या वर्षी तर नाहीच. सप्टेंबर २०२५ मध्ये गूगलने एका पानावर १०० निकाल मागवायची सोय बंद केली. रँक तपासणारी टूलं ती वापरायची, आणि ८० व्या जागी असलेल्या साइटलाही त्यातून इंप्रेशन मिळायचं. ती इंप्रेशन गायब झाली, तळातली स्थानं हिशेबातून गेली, आणि असंख्य साइटींची सरासरी काहीही न करता सुधारली. तसंही हा आकडा उलटा चालतो: नवीन पान ६० व्या जागी दिसू लागलं, म्हणजे खरं तर प्रगती झाली, तर सरासरी बिघडते.

मग बघायचं काय? परफॉर्मन्समध्ये क्वेरीचा फिल्टर लावा, ‘कस्टम रेजेक्स’ (अनेक शब्द एकदम जुळवायची सोय) निवडून ‘जुळत नाही’ करा, आणि होमस्टेच्या नावाची सगळी स्पेलिंगं, देवनागरी आणि रोमन दोन्ही, उभ्या रेघेने (|) जोडून टाका. तुमचं नाव माहीत नसताना आलेले लोक उरतील. सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२५ च्या क्लिक २०२४ च्या त्याच काळाशी ताडा. फिल्टर लावला की लपवलेल्या क्वेरी हिशेबातून जातात, म्हणून बेरीज एकूण आकड्याशी जुळणार नाही. घाबरू नका, दोन्ही वर्षांना तोच नियम आहे. मग ‘पेजेस’ टॅबवर जा आणि वाढ कोणत्या पानावर झाली ते पाहा.

त्याच्या जाणकारीची परीक्षा इथेच होते. त्याला विचारा: गेल्या दहा महिन्यांत कोणत्या तारखेला कोणत्या पानावर काय बदललं? ज्याने काम केलंय त्याच्याकडे ही वही असते. नसली तर वाढ त्याची, आणि घसरण झाली की ‘कोअर अपडेट’ची (गूगलने निकाल लावण्याची पद्धत बदलल्याची), असं चालतं. अपडेट वर्षातून अनेकदा येतात, त्यामुळे सबबींची ददात नाही. या कामाला परीक्षा किंवा परवाना नाही. ‘गूगल पार्टनर’चा बिल्ला जाहिरातींसाठी असतो, एसईओसाठी गूगल कोणाला प्रमाणपत्र देत नाही. पहिल्या नंबरची हमी कोणीच देऊ शकत नाही, असंही गूगलने लिहून ठेवलंय. मेटा कीवर्ड टॅग (पानाच्या कोडमध्ये लपलेली शब्दांची यादी) भरतो म्हणणाऱ्याला, गूगल तो रँकिंगला वापरत नाही हे २००९ मध्येच जाहीर झालंय, तेवढं सांगा. कीवर्ड घनता (मजकुरात तोच शब्द किती वेळा येतो ते प्रमाण) दोन टक्के ठेवतो म्हणणारा त्याच पंगतीतला.

वेगाचा ९५ गुणांचा स्क्रीनशॉट असेल तर तो प्रयोगशाळेतला आहे. छोट्या साइटला पेजस्पीडमध्ये (गूगलचं वेग तपासायचं टूल) खऱ्या वाचकांचा डेटा बहुधा नसतोच. घाटात जेमतेम नेटवर्क मिळालेल्या फोनवर साइट उघडून बघा. मुख्य फोटो अडीच सेकंदांत आला पाहिजे. मोबाइलचे पाच-पाच एमबीचे फोटो तसेच चढवले असतील तर येणार नाही.

फोन मोजायची सोयही बहुधा केलेली नसेल. अ‍ॅनालिटिक्समध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकवरचा क्लिक ‘आउटबाउंड’ म्हणून आपोआप नोंदला जातो, नंबरवरचा टॅप नाही. त्यासाठी टॅग मॅनेजर या गूगलच्या टूलमध्ये वेगळा टॅग (क्लिक नोंदवणारा कोडचा तुकडा) बसवावा लागतो. गूगल बिझनेस प्रोफाइलवरचे ‘कॉल’ म्हणजे बटण दाबलं गेलं एवढंच, बोलणं झालंच असं नाही. म्हणून रजिस्टरात एक रकाना आखा आणि प्रत्येक फोनला ‘आमचा नंबर कुठे मिळाला?’ एवढं विचारून लिहा. दोन महिन्यांत चित्र स्पष्ट होईल.

काही ठरवण्याआधी चाव्या हातात घ्या. डोमेन आणि होस्टिंग तुमच्या ईमेलवर, बिझनेस प्रोफाइलचे मुख्य मालक तुम्ही आणि तो फक्त व्यवस्थापक, अ‍ॅनालिटिक्सचे अ‍ॅडमिन तुम्ही. सर्च कन्सोलची मालकी डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या तांत्रिक नोंदींच्या यादीत) टीएक्सटी नोंद (मजकुराची एक ओळ) टाकून स्वतः सिद्ध करा. त्याला काढायचं झालं तर यादीतून नाव उडवून भागत नाही. त्याने साइटवर ठेवलेली एचटीएमएल फाइल, मेटा टॅग किंवा डीएनएसमधली त्याची नोंद शोधून तीही पुसा, नाहीतर तो पुन्हा मालक म्हणून आत येऊ शकतो.